बेटांचे मत आणि मतांची बेरीज : कोमोरोस संघराज्यातील सार्वमत

लोकसत्ताक राज्यात राज्यघटनेचे अंतिम स्वामित्व लोकांकडे असते, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. राज्यघटनेत मूलगामी बदल करावयाचा असल्यास तो प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवावा, हा सार्वमताचा विचार याच तत्त्वातून निघतो. एकात्म राज्यात या विचाराने फारशी अडचण निर्माण होत नाही. संघराज्यात मात्र एक प्राथमिक प्रश्न आधीच उभा राहतो. ‘लोक’ म्हणजे कोण? संपूर्ण संघराज्यातील मतदारांचा एकच समुदाय, की संघराज्याच्या प्रत्येक घटकात वास करणारे निरनिराळे समुदाय? पहिले उत्तर स्वीकारल्यास सर्व मतांची एकच बेरीज करावयाची. दुसरे स्वीकारल्यास ती घटकवार मोजावयाची. मते तीच असली, तरी मोजणीची रीत बदलताच निर्णय बदलू शकतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. हिंदी महासागरातील कोमोरोस या लहानशा द्वीपसंघराज्याचा स्वातंत्र्योत्तर इतिहास बव्हंशी याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. ३० जुलै २०१८ रोजी तेथे राज्यघटनेविषयी जे सार्वमत झाले, त्याचा अर्थही या इतिहासाच्या आधारेच लागतो. ते सार्वमत कशावर झाले, त्याने कोणता करार बदलला आणि बहुमताने मंजूर झालेला बदल बेटांच्या दृष्टीने वादग्रस्त का ठरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

द्वीपसमूह आणि त्यातील विषमता

आफ्रिकेचा पूर्व किनारा व मादागास्कर यांच्यामध्ये, मोझांबिकच्या सामुद्रधुनीच्या उत्तर टोकाशी हा ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह पसरला आहे. त्यात चार मुख्य बेटे आहेत: ग्रांद कोमोर, आंजुआन, मोहेली आणि मायोत. स्थानिक भाषेत त्यांना अनुक्रमे न्गाझिजा, न्झ्वानी, म्वाली व माओरे अशी नावे आहेत. लोक बहुतांशी सुन्नी मुसलमान असून त्यांच्या बोली एकमेकींस जवळच्या आहेत. धर्म, भाषा व चालीरीती यांचे असे साम्य असूनही प्रत्येक बेटाची स्वतंत्र अस्मिता तीव्र आहे. फ्रेंच अंमलापूर्वी या बेटांवर निरनिराळ्या सुलतानांची सत्ता होती. चारही बेटांवर एकच राज्ययंत्र आले ते परकीय अंमलाखाली.

मायोत वगळता उरलेल्या तीन बेटांचे मिळून आजचे संघराज्य बनले आहे. त्याचे एकूण क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरांहूनही कमी आहे. २०१७ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसात लाख होती. तीपैकी निम्मी ग्रांद कोमोर बेटावर, सुमारे ४३ टक्के आंजुआनवर आणि जेमतेम ७ टक्के, म्हणजे सुमारे ५० हजार, मोहेलीवर होती. राजधानी मोरोनी ग्रांद कोमोरवर आहे. आंजुआनवरील मुत्सामुदू हे महत्त्वाचे बंदर आहे. लवंग, व्हॅनिला आणि अत्तरासाठी लागणारे इलांग-इलांगचे फूल यांची निर्यात, तसेच परदेशी गेलेल्या नातलगांकडून येणारा पैसा यांवर अर्थव्यवहार मुख्यतः अवलंबून आहे. अशा गरीब देशात सरकारी नोकरी, जकातीचे उत्पन्न आणि परकीय मदत यांचे वाटप कोणाच्या हाती असावे, हा पोटापाण्याचा प्रश्न ठरतो. अध्यक्षपद कोणत्या बेटाकडे जाते, याला तेथे एवढे महत्त्व का, याचे उत्तर या स्थितीत आहे.

पुढील सर्व विवेचनात लोकसंख्येचे हे प्रमाण ध्यानात ठेवणे अवश्य आहे. तिन्ही बेटांची मते एकत्र मोजल्यास मोहेलीचे मत जवळजवळ नगण्य ठरते. मोहेलीतील यच्चयावत मतदारांनी एखाद्या प्रस्तावाविरुद्ध व अन्य दोन बेटांतील सर्वांनी त्याच्या बाजूने मत दिले, असे केवळ गणितापुरते मानले आणि मतदानाचे प्रमाण सर्वत्र सारखेच धरले, तरी तो प्रस्ताव सुमारे ९३ टक्क्यांनी संमत झाल्याचे दिसेल. एका संपूर्ण बेटाचा नकार असा राष्ट्रीय होकारात लुप्त होऊ शकतो.

१९७४ : मोजणीचा पहिला वाद

नेमके हेच मायोतच्या बाबतीत घडले. २२ डिसेंबर १९७४ रोजी फ्रान्सने या द्वीपसमूहात स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मतदान घेतले. चारही बेटांची मते एकत्र केली असता जवळजवळ ९५ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. परंतु एकट्या मायोतमध्ये ६३ टक्क्यांहून अधिक मते विरुद्ध होती. मायोतच्या असंतोषाला पार्श्वभूमी होती. प्रशासनाचे केंद्र पूर्वी मायोतलगतच्या झाउद्झी येथे होते. ते मोरोनीस हलविण्याचा निर्णय १९५८ मध्ये झाला व पुढील दशकात तो अमलात आला. राजधानी गेली, तिच्याबरोबर नोकऱ्या व व्यापारही गेला. स्वतंत्र राज्यात आपण मोठ्या बेटांच्या दावणीला बांधले जाऊ, ही भीती तेथे घर करून राहिली.

मतदान एका राष्ट्राचे मानावयाचे की चार बेटांचे, हा वाद यातून निर्माण झाला. मतदानासंबंधीच्या फ्रेंच कायद्यात कोमोरोसच्या ‘जनते’चा नव्हे, तर ‘जनसमूहां’चा, असा अनेकवचनी उल्लेख होता. फ्रान्सच्या १९५८ च्या राज्यघटनेतील ५३ व्या कलमातही संबंधित जनसमूहांच्या संमतीची भाषा आहे. या अनेकवचनाचा आधार घेऊन फ्रेंच संसदेने १९७५ मध्ये अशी अट घातली की, नव्या राज्याची घटना प्रत्येक बेटाने स्वतंत्रपणे मान्य केली पाहिजे. कोमोरोसच्या नेत्यांना ती अमान्य होती. त्यांनी ६ जुलै १९७५ रोजी एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने चारही बेटांचे मिळून बनलेले राज्य म्हणून कोमोरोसला सभासदत्व दिले. फ्रान्सने मात्र ८ फेब्रुवारी १९७६ रोजी मायोतमध्ये पुन्हा मतदान घेतले व फ्रान्ससोबत राहण्याच्या बाजूने सुमारे ९९ टक्के मते पडल्याचे जाहीर केले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने या मतदानाचा निषेध केला. तथापि मायोत फ्रान्सकडेच राहिले, आणि २०११ पासून तर ते फ्रान्सचा एक पूर्ण प्रशासकीय विभाग बनले आहे.

कोमोरोसच्या राज्यकर्त्यांनी तेव्हापासून एक भूमिका सातत्याने मांडली आहे: कोमोरोसचे लोक एक आहेत, त्यांचे मत एक आहे, म्हणून मोजणीही एकच असावयास हवी. वसाहतीच्या सीमा तिच्या मुक्तीनंतर मोडू नयेत, या आंतरराष्ट्रीय कायद्यातील तत्त्वाचा तिला आधार आहे. परंतु परकीय सत्तेविरुद्ध जी भूमिका ढाल म्हणून उपयोगी पडते, तीच स्वराज्यात लहान बेटांविरुद्ध शस्त्र म्हणून वापरता येते. बाहेरील दाव्यासाठी अखंड मोजणीचा आग्रह धरावा, तर आत लहान घटकांचे संरक्षण दुर्बल होते. आत बेटवार संमतीचे तत्त्व मान्य करावे, तर मायोतवरील दाव्याच्या युक्तिवादास धक्का लागल्याचा भास होतो. कोमोरोसच्या घटनात्मक राजकारणातील मूळ पेच हा होय.

नावापुरते संघराज्य

स्वातंत्र्यानंतर एका महिन्याच्या आत पहिले अध्यक्ष अहमद अब्दल्ला यांची सत्ता उलथविण्यात आली. १९७८ मध्ये बॉब देनार या फ्रेंच भाडोत्री सैनिकाच्या टोळीने अली स्वालीह यांची राजवट पाडून अब्दल्ला यांना परत आणले. त्याच वर्षी सार्वमताने संमत झालेल्या राज्यघटनेने देशास संघीय इस्लामी प्रजासत्ताक असे नाव दिले व प्रत्येक बेटाला निर्वाचित राज्यपाल दिला. परंतु १९८२ मध्ये घटनादुरुस्ती होऊन राज्यपालांची नेमणूक अध्यक्षाकडे आली. संघराज्याचे नाव राहिले; आशय ओसरला.

५ नोव्हेंबर १९८९ रोजी अब्दल्ला यांना पुन्हा उमेदवारी करता यावी म्हणून सार्वमत घेण्यात आले व ९२ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडल्याचे जाहीर झाले. तीनच आठवड्यांनी अब्दल्ला यांची हत्या झाली. १९९२ मध्ये नवी राज्यघटना आली. १९९६ मध्ये, अध्यक्ष मोहम्मद ताकी यांच्या कारकिर्दीत, आणखी एक राज्यघटना सार्वमताने संमत झाली. तिला सुमारे ८५ टक्के मते मिळाली. तिने केंद्राची सत्ता आणखी वाढविली.

या राज्यघटनेस वर्षही पूर्ण झाले नव्हते, तोच ऑगस्ट १९९७ मध्ये आंजुआन व मोहेली ही दोन्ही बेटे संघराज्यातून फुटून निघाल्याची घोषणा झाली. पगार थकलेले, बंदराचे उत्पन्न मोरोनीकडे जाणारे आणि अध्यक्षपद १९८९ नंतर सातत्याने ग्रांद कोमोरकडे, अशी त्यांची तक्रार होती. आंजुआनमधील विभक्ततावाद्यांनी तर पुन्हा फ्रान्सच्या अमलाखाली घेण्याची विनंती केली. फ्रान्सने ती नाकारली. ताकी यांनी सप्टेंबरात पाठविलेले सैन्य आंजुआनमध्ये पराभूत झाले. पाठोपाठ ऑक्टोबरात आंजुआनने आपले वेगळे सार्वमत घेतले आणि स्वातंत्र्याच्या बाजूने ९९ टक्क्यांहून अधिक मते पडल्याचे जाहीर केले.

या घटनाक्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सार्वमतातील टक्केवारी आणि राज्यघटनेचे स्थैर्य यांचा तेथे फारसा संबंध राहिलेला नाही. ८५ टक्के मतांनी संमत झालेली घटना दहा महिन्यांत कोलमडली. ९२ टक्के कौल लाभलेला अध्यक्ष जेमतेम तीन आठवडे टिकला.

फोंबोनीचा करार

विभक्तता मोडून काढता येईना, आणि तिला मान्यताही कोणी देईना. एप्रिल १९९९ मध्ये मादागास्करच्या राजधानीत आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या मध्यस्थीने वाटाघाटी झाल्या. परंतु आंजुआनच्या प्रतिनिधींनी मसुद्यावर सही केली नाही. मोरोनीत त्या बेटाच्या रहिवाशांविरुद्ध दंगली झाल्या. या गोंधळात ३० एप्रिल १९९९ रोजी कर्नल आझाली असुमानी यांनी सत्ता हाती घेतली. पुढे ऑगस्ट २००० मध्ये आझाली आणि आंजुआनचे नेते यांच्यात मोहेलीतील फोंबोनी येथे समझोत्याची घोषणा झाली, व १७ फेब्रुवारी २००१ रोजी तेथेच तिन्ही बेटांच्या प्रतिनिधींनी व्यापक करारावर सह्या केल्या.

या करारातून जी राज्यघटना तयार झाली, ती २३ डिसेंबर २००१ च्या सार्वमतात तीनचतुर्थांशाहून अधिक मतांनी संमत झाली. देशास ‘कोमोरोस संघ’ हे नाव मिळाले. प्रत्येक बेटास स्वतःचा अध्यक्ष व स्वतःची परिषद मिळाली. संघाच्या संसदेतील ३३ सभासदांपैकी १५ बेटांच्या परिषदांनी, प्रत्येकी ५ प्रमाणे, पाठवावयाचे होते. येथे मोहेलीस ग्रांद कोमोरच्या बरोबरीचे स्थान लाभले. परंतु या घटनेचा गाभा अध्यक्षपदाच्या पाळीत होता.

ही पाळीची पद्धती अशी होती. संघाचे अध्यक्षपद चार वर्षांसाठी एका बेटाकडे, नंतर दुसऱ्याकडे व त्यानंतर तिसऱ्याकडे जावयाचे. ज्या बेटाची पाळी असेल, तेथे प्राथमिक निवडणूक घ्यावयाची. केवळ त्या बेटाचे मतदार तीत मत देत. तीत सर्वाधिक मते मिळविणारे तीन उमेदवार संपूर्ण संघातील मतदारांपुढे जावयाचे व त्यांतून अध्यक्ष निवडला जावयाचा. अन्य बेटांचे उपाध्यक्ष त्याच्याबरोबरच निवडले जात. एकाच बेटावर लागोपाठ दोन वेळा प्राथमिक निवडणूक होऊ शकत नाही, असे घटनेत स्पष्ट म्हटले होते.

या रचनेतील युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. ‘लोक’ म्हणजे बेट की संघ, या जुन्या प्रश्नाला तिने दोन पायऱ्यांत उत्तर दिले. पहिल्या पायरीवर बेट बोलते, दुसऱ्या पायरीवर संघ. बेटाने अमान्य केलेला मनुष्य अध्यक्ष होऊ शकत नाही; आणि केवळ आपल्या बेटाच्या अभिमानावर उभा राहिलेला मनुष्यही इतरांची मते मिळविल्यावाचून निवडून येत नाही. फुटून निघण्यापेक्षा पाळीची वाट पाहणे लहान बेटांना अधिक हितावह वाटावे, असा हा सौदा होता.

पाळीची पद्धती कशी चालली

२००२ मध्ये पहिली पाळी ग्रांद कोमोरची आली व आझाली अध्यक्ष झाले; त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी अंतिम मतदानावर बहिष्कार टाकला होता. २००६ मध्ये आंजुआनच्या पाळीत अहमद अब्दल्ला साम्बी निवडून आले आणि आझाली यांनी सत्ता शांतपणे त्यांच्या हाती दिली. स्वातंत्र्यानंतर सुमारे वीस उठाव वा उठावाचे प्रयत्न पाहिलेल्या देशात ही असामान्य घटना होती.

पुढील वाटचाल निर्वेध मात्र नव्हती. आंजुआनचे अध्यक्ष मोहम्मद बकार यांनी २००७ मध्ये संघाचा निर्णय धुडकावून आपली निवडणूक घेतली; मार्च २००८ मध्ये आफ्रिकी संघाच्या सैन्याच्या साहाय्याने त्यांना पदच्युत करावे लागले. मे २००९ मध्ये साम्बी यांनी सार्वमत घेऊन अध्यक्षाची मुदत पाच वर्षांवर नेली आणि बेटांच्या अध्यक्षांना राज्यपालांचा दर्जा दिला. या सार्वमतात सुमारे निम्म्याच मतदारांनी भाग घेतला. अनुकूल मते जवळजवळ ९४ टक्के होती. वाढीव मुदतीचा लाभ विद्यमान अध्यक्षास मिळून मोहेलीची पाळी लांबू लागली, तेव्हा त्या बेटावर तीव्र असंतोष उसळला. २०१० मध्ये घटना न्यायालयाने मोहेलीच्या बाजूने हस्तक्षेप केला. वर्षअखेर निवडणूक झाली आणि मे २०११ मध्ये इकिलिलू धोइनिन हे मोहेलीचे पहिले निर्वाचित अध्यक्ष पदारूढ झाले. एकूण लोकसंख्येच्या ७ टक्के लोक असलेल्या बेटाचा मनुष्य राज्याचा प्रमुख होतो, हे पाळीच्या तत्त्वावाचून घडणे कठीण होते. २०१६ मध्ये फेरा पूर्ण होऊन पाळी पुन्हा ग्रांद कोमोरकडे आली व अल्प मताधिक्याने आझाली निवडून आले. त्यांची मुदत २०२१ मध्ये संपावयाची होती, आणि त्यानंतरची पाळी आंजुआनची होती.

२०१८ चे सार्वमत

फेब्रुवारी २०१८ मध्ये देशाच्या वाटचालीचा आढावा घेण्यासाठी एक राष्ट्रीय परिषद भरली. विरोधी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार घातला. एप्रिलमध्ये घटना न्यायालयाचे अधिकार स्थगित करून ते सर्वोच्च न्यायालयाकडे देण्यात आले. २०१० मध्ये मोहेलीच्या पाळीचे रक्षण ज्या न्यायालयाने केले होते, ते अशा रीतीने सार्वमतापूर्वीच बाजूस सारले गेले. मे महिन्यात माजी अध्यक्ष साम्बी यांना त्यांच्या घरात स्थानबद्ध करण्यात आले.

३० जुलै रोजी मतदारांपुढे जो मसुदा ठेवला गेला, त्यात उपाध्यक्षांची पदे रद्द केली होती, घटना न्यायालय कायमचे काढून टाकले होते, आणि पाळीच्या कलमात एक लहान दिसणारा परंतु दूरगामी बदल केला होता. अध्यक्षपद बेटांमध्ये फिरते राहील, हे शब्द कायम होते. मात्र एका बेटाच्या अध्यक्षास पाच वर्षांची मुदत संपल्यावर लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्याची मुभा दिली होती. फेरा पाचाऐवजी दहा वर्षांनी पुढे सरकू शकेल, असा याचा अर्थ होतो. तीन बेटांच्या फेऱ्यात याचा हिशेब असा: पूर्वी एका बेटास पाच वर्षे सत्ता व दहा वर्षे प्रतीक्षा होती, आता दहा वर्षे सत्ता व वीस वर्षे प्रतीक्षा होऊ शकते. एखाद्या कर्त्या माणसाच्या राजकीय आयुष्यात आपल्या बेटाची पाळी एकदाच येईल, कदाचित येणारही नाही.

विरोधी पक्षांच्या बहिष्कारात मतदान झाले. अधिकृत निकालानुसार ९२ टक्क्यांहून अधिक मते मसुद्याच्या बाजूने पडली. ऑक्टोबरात आंजुआनमधील मुत्सामुदूच्या जुन्या गावठाणात बंडखोर व सैन्य यांच्यात काही दिवस सशस्त्र झटापटी झाल्या. बेटाच्या राज्यपालांना अटक झाली. नव्या घटनेनुसार मुदतीपूर्वीच निवडणूक घेण्यात आली. पाळीचा फेरा पुन्हा ग्रांद कोमोरपासून मोजण्यात आला व मार्च २०१९ मध्ये आझाली विजयी घोषित झाले. जानेवारी २०२४ मध्येही तसेच घडले. दोन्ही वेळा विरोधकांनी निकाल अमान्य केला. आंजुआनची २०२१ ची पाळी आलीच नाही.

बदलाच्या बाजूचा युक्तिवाद

या बदलाचा केवळ एका व्यक्तीच्या सत्ताभिलाषेच्या दृष्टीने विचार करणे अपुरे होईल. पाळीच्या पद्धतीत खरोखरीचे दोष होते. पुन्हा निवडून येण्याची शक्यता नसलेल्या अध्यक्षास मतदारांपुढे हिशेब द्यावा लागत नाही. रस्ते, वीज, बंदरे यांसारखी कामे पाच वर्षांत आटोपत नाहीत, आणि नवा अध्यक्ष पूर्वीच्याची कामे पुढे चालवीलच असे नाही. एवढ्याशा देशाने एक संघसरकार व तीन बेटसरकारे पोसावीत, हा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. शिवाय पाळीमुळे ‘आता आपली वेळ’ अशी वृत्ती बळावून सत्तेकडे वाटणीचा माल म्हणून पाहिले जाते, हाही आक्षेप निराधार नाही.

हे सर्व आक्षेप मान्य केले, तरी मुख्य प्रश्न उरतोच. पद्धती सदोष आहे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? दोन पक्षांनी केलेला करार गैरसोयीचा ठरला, तर तो दोघांच्या संमतीने बदलता येतो. ज्या पक्षाकडे अधिक माणसे आहेत त्याच्या मोजणीने नव्हे. फोंबोनीचा करार बेटांनी परस्परांशी केला होता. आंजुआन परत आले ते त्या वचनावर विसंबून. सार्वमताने त्या वचनाचे स्वरूप बदलले. परंतु ज्यांना वचन दिले होते त्यांचे मत वेगळे विचारले गेले नाही.

२००१ च्या घटनेतच या उणिवेचे बीज होते. घटनादुरुस्तीसाठी तिने दोन मार्ग दिले होते. पहिल्या मार्गात संसदेचे दोनतृतीयांश सभासद आणि बेटांच्या परिषदांचे दोनतृतीयांश सभासद या दोहोंची संमती आवश्यक होती. दुसरा मार्ग सार्वमताचा होता, आणि त्यात प्रत्येक बेटात बहुमत मिळाले पाहिजे, अशी अट नव्हती. बेटांची स्वायत्तता बाधित होईल अशी दुरुस्ती करू नये, असा निर्बंधही घटनेत होता. पण तो निर्बंध लागू करणारे न्यायालय उरले नाही. पहिल्या दारास दोन कुलपे आणि दुसऱ्या दारास एकही नाही, अशी ही रचना होती. दोन मार्गांमधील ‘किंवा’ हा एकच शब्द करारातील सर्वांत दुर्बल जागा ठरला.

इतर संघराज्यांतील रीत

अन्य संघराज्यांनी हा धोका ओळखून निरनिराळे उपाय योजले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये घटनादुरुस्तीस एकूण मतदारांचे बहुमत पुरत नाही; बहुसंख्य कँटनांतही बहुमत मिळावे लागते. ऑस्ट्रेलियातही एकूण मतदारांच्या बहुमताबरोबर सहा घटकराज्यांपैकी किमान चारांत बहुमत लागते. आणि एखाद्या राज्याच्या सीमा किंवा संसदेतील प्रमाणशीर प्रतिनिधित्व बदलावयाचे असल्यास त्या राज्यातील मतदारांचे बहुमतही अनिवार्य असते. भारतीय संविधानात सार्वमताची तरतूद नाही. परंतु संघराज्याच्या रचनेशी निगडित कलमे बदलताना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घ्यावी लागते.

कोमोरोसशी अधिक तुलनीय असे उदाहरण प्रशांत महासागरातील मायक्रोनेशिया या चार घटकराज्यांच्या द्वीपसंघराज्याचे आहे. त्याच्या घटनेचा मसुदा १२ जुलै १९७८ रोजी सहा द्वीपप्रदेशांत मतदानास गेला. मते प्रदेशवार मोजण्यात आली. याप, ट्रक, पोनापे व कोस्राए यांनी तो मान्य केला. पालाउ आणि मार्शल बेटे यांनी अमान्य केला. ज्यांनी मान्य केला त्यांचेच संघराज्य १९७९ मध्ये अस्तित्वात आले. इतरांनी आपापला मार्ग धरला. घटनादुरुस्तीसाठीही तेथे चारपैकी तीन राज्यांत, आणि त्या प्रत्येक राज्यात तीनचतुर्थांश मते, अशी कठोर अट आहे.

उलट दिशेचे उदाहरण कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स व नेव्हिस या दोन बेटांच्या संघराज्याचे आहे. १९८३ च्या घटनेने नेव्हिस या लहान बेटास विभक्त होण्याचा अधिकार दिला, मात्र त्यासाठी बेटावरील मतदानात दोनतृतीयांश मतांची अट घातली. १० ऑगस्ट १९९८ रोजी सुमारे ६२ टक्के मते विभक्ततेच्या बाजूने पडली; ती अटीस पुरेशी नव्हती, आणि संघराज्य टिकले. बेटाला स्वतंत्रपणे विचारले गेले होते व कोणते मताधिक्य लागेल हे आधीच ठरलेले होते.

या कठोर अटींचीही किंमत असते. मायक्रोनेशियात चांगल्या दुरुस्त्याही सहसा संमत होत नाहीत. ऑस्ट्रेलियात बहुतेक प्रस्ताव फेटाळले गेले आहेत. जुनी घटना अपुरी पडत असूनही ती बदलता न येणे, हा दोष लहान नाही. परंतु तो दोष बेटांनी जाणून स्वीकारलेला असतो.

निष्कर्ष

कोमोरोसच्या अनुभवावरून सार्वमत हे साधनच सदोष आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. २००१ चे मतदानही सार्वमतच होते, आणि त्याने देशास काही काळ स्थैर्य दिले. त्याला मिळालेली मते १९८९, १९९६, २००९ वा २०१८ च्या मतांच्या तुलनेने कमी होती. भेद टक्केवारीत नव्हता. मतदानापूर्वी बेटांनी एकत्र बसून करार केला होता की नाही, यात होता. २००१ मध्ये सार्वमताने झालेल्या करारावर शिक्कामोर्तब केले. २०१८ मध्ये त्याने कराराची जागा घेतली.

संघराज्यात सार्वमत घ्यावयाचे असल्यास मतपत्रिकेवरील प्रश्नाइतकेच महत्त्व मते कशी मोजावयाची या प्रश्नास असते. ती रीत घटनेत आधीच, आणि लहान घटकांच्या संमतीने, निश्चित झालेली असावी लागते. तिच्या रक्षणास स्वतंत्र न्यायसंस्था असावी लागते. मायोतचा नकार १९७४ मध्ये एकत्रित बेरजेत दडला, आणि ते बेट संघराज्यास अंतरले. उरलेल्या तीन बेटांत मोहेली सर्वांत लहान आहे आणि आंजुआन एकदा फुटून निघून वचनावर परत आलेले आहे. आझाली यांची चालू मुदत २०२९ मध्ये संपते. त्या वेळी पाळी खरोखरच पुढील बेटाकडे जाते की काय, यावर फोंबोनीच्या कराराचे भवितव्य अवलंबून राहील.